सर डीट्रिख ब्रँडिस
(अरण्यांचा हिशेब शिकविणाऱ्या एका वनपंडिताचे चरित्र)

विद्यार्थीमित्रहो, आपल्या शेंदूरजनाघाट गावाच्या उत्तरेस सातपुड्याची रांग उभी आहे. पावसाळ्यात तिच्या उतारांवरून नदीनाले धावत खाली येतात व आपल्या संत्र्यांच्या बागांना पाणी पुरवून वर्धा नदीस मिळतात. त्याच पर्वताच्या पश्चिम भागात मेळघाटचे विस्तीर्ण अरण्य आहे. तेथील सिपना, गडगा, खापरा, खंडू इत्यादी नद्या तापीकडे वाहतात. या नद्यांच्या काठी अर्जुनसादडा, जांभूळ, करंज, उंबर अशी झाडे, आणि त्यांच्यामागे डोंगरभर सागवान, असा हा सृष्टीचा संसार मांडलेला आहे. हे वैभव आपणांस वडिलार्जित लाभले म्हणून ते आपोआप टिकेल, असे पुष्कळांस वाटते. परंतु घरातील धान्याची कणगी जशी मोजल्याशिवाय पुरत नाही, तद्वत् अरण्यही हिशेबाशिवाय पुरत नाही. हा हिशेब हिंदुस्थानास ज्या पुरुषाने पद्धतशीरपणे शिकविला, त्या सर डीट्रिख ब्रँडिस यांचे चरित्र आज आपणांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. राजे आणि सेनापती यांची चरित्रे आपण नेहमी वाचतो. ज्याने झाडे मोजण्यात आपले आयुष्य वेचले, त्याचेही चरित्र एकदा वाचून पाहावे.

डीट्रिख ब्रँडिस यांचा जन्म जर्मनीतील बॉन शहरी ३१ मार्च १८२४ रोजी झाला. त्यांचे वडील ख्रिस्तिआन आउगुस्ट ब्रँडिस हे तत्त्वज्ञानाचे नामांकित प्राध्यापक होते. ग्रीस देशाच्या तरुण राजाने त्यांस आपल्या दरबारी पाचारण केल्यामुळे डीट्रिख यांच्या बालपणीची काही वर्षे अथेन्स नगरीत गेली. अशा रीतीने लहानपणीच त्यांस परदेशाची व परभाषांची ओळख झाली. पुढे कोपनहेगन, गोटिंगेन व बॉन येथील विद्यापीठांत त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला, आणि १८४९ मध्ये ते बॉन येथेच त्या विषयाचे अध्यापन करू लागले. शांत शहर, विद्वान पिता, आवडीचा विषय आणि विद्यार्थ्यांचा सहवास, एवढे सर्व असता या गृहस्थाने युरोपातच सुखाने दिवस काढले असते. परंतु ईश्वरी योजना निराळी होती.

त्यांच्या आयुष्यास जे वळण लागले त्याचा संबंध बंगालमधील सेरामपूर या गावाशी आहे. डॉ. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड या त्रिवर्गाने तेथे आपले मिशन स्थापिले होते. डॉ. केरी यांचे आपल्या मराठी भाषेवरही मोठे ऋण आहे. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये व मराठी कोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. पण केरी यांस झाडांचेही तितकेच वेड होते, हे थोड्यांस ठाऊक असेल. सेरामपूर येथे त्यांची स्वतःची वनस्पतींची बाग होती, आणि १८२० मध्ये शेती व बागकाम यांच्या सुधारणेसाठी त्यांनी एक मंडळीही स्थापन केली होती. केरी यांचे सहकारी मार्शमन यांची कन्या रेचल हिचा पहिला विवाह डॉ. फॉइक्ट नावाच्या डॅनिश वैद्याशी झाला होता. हे फॉइक्ट वनस्पतिशास्त्रज्ञ होते. सेरामपूर व कलकत्ता येथील बागांतील वनस्पतींची मोठी यादी त्यांनी सिद्ध केली. ते १८४३ मध्ये निवर्तले. पुढे रेचलबाई युरोपात असता त्यांचा व ब्रँडिस यांचा परिचय होऊन १८५४ मध्ये उभयतांचा विवाह झाला. रेचलबाईंची भगिनी हॅना ही जनरल हॅवलॉक यांची पत्नी होती. या नात्यामुळे बॉन येथील तरुण अध्यापकाचे नाव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या कानी गेले.

त्या समयी लॉर्ड डलहौसी यांच्यापुढे एक बिकट प्रश्न उभा होता. १८५२ मध्ये ब्रह्मदेशातील पेगू प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आला होता. तेथील सागवान जगप्रसिद्ध. जहाजे बांधण्यास त्यासारखे लाकूड नाही. परंतु त्याच्याही आधी, १८२६ मध्ये, इंग्रजांस मिळालेल्या तेनासेरीम प्रांतात काय घडले होते, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले होते. मौलमेनच्या व्यापाऱ्यांस तेथील जंगल तोडण्याची मोकळीक मिळाली, आणि अल्पावधीतच ज्या ओढ्यानद्यांतून लाकूड वाहून नेणे सोपे होते, तेथील चांगला साग नाहीसा झाला. व्यापाऱ्याचे काम आजच्या नफ्यावर चाले. साग वाढण्यास दोन पिढ्या लागतात. दोघांचे गणित जुळेना. पेगू प्रांताची तीच गत होऊ नये म्हणून डलहौसी यांनी १८५५ मध्ये वनांच्या संरक्षणाविषयी सरकारचे धोरण ठरविले, आणि जानेवारी १८५६ मध्ये ब्रँडिस यांनी पेगूच्या अरण्यांचे अधीक्षक म्हणून सूत्रे हाती घेतली. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते.

आता प्रश्न असा की, जंगलात किती झाडे आहेत हेच ज्यास ठाऊक नाही, त्याने दरसाल किती तोडावी हे कसे ठरवावे? अरण्य शेकडो मैल पसरलेले, रस्ते नाहीत, बांबूची बेटे इतकी दाट की दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, आणि जागोजागी ज्वराचे भय. प्रत्येक झाड मोजू म्हटले तर जन्म पुरणार नाही. येथे ब्रँडिस यांनी जी युक्ती योजिली ती इतकी साधी होती की, शाळेतील मुलासही ती करता यावी.

ते हत्तीवर बसून डोंगराच्या सोंडेवरून किंवा ओढ्याच्या काठाने एक सरळ वाट धरीत. त्यांच्या हाती चार काठ्या असत आणि एक चाकू. झाडांच्या घेराप्रमाणे त्यांनी सागाचे चार वर्ग पाडले होते. ज्यांचा घेर सहा फूट किंवा अधिक, ती झाडे पहिल्या वर्गात. साडेचार ते सहा फूट घेराची दुसऱ्या वर्गात. दीड ते साडेचार फुटांची तिसऱ्या वर्गात. आणि त्याहून लहान ती चौथ्या वर्गात. वाटेच्या दोहों बाजूंस ठरावीक अंतराच्या आत जो साग दिसेल, त्याच्या वर्गाप्रमाणे त्या त्या काठीवर चाकूने एक खाच पाडावयाची. दमट हवेत व झाडाझुडपांतून जाताना कागद हाती धरून लिहिणे शक्य नव्हते. काठीवरील खाच मात्र पुसली जात नसे. सायंकाळी मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावर खाचा मोजून ते संख्या वहीत उतरून घेत. असा क्रम दिवसामागून दिवस, महिन्यांमागून महिने चालला.

पालकवर्गापैकी जे संत्र्यांचे बागवान आहेत त्यांस या युक्तीचे मर्म चटकन कळेल. बागेचा बहार विकत घेण्यास व्यापारी येतो तेव्हा तो प्रत्येक झाडाचे प्रत्येक फळ मोजीत बसत नाही. तो बागेतून एका बाजूने दुसऱ्या बाजूस फिरतो, निरनिराळ्या ओळींतील काही झाडांची फळे नीट पाहतो, आणि त्यावरून सगळ्या बागेचा अंदाज करतो. त्याने केवळ बांधावरची भरगच्च झाडे पाहिली तर तो फसेल. फिरण्याची वाट बागेच्या सर्व भागांतून गेली तर त्याचा अंदाज फारसा चुकत नाही. ब्रँडिस यांची मोजणी याच तत्त्वावर होती.

आपण एक उदाहरण कल्पून पाहू. समजा, एक मैल लांब वाट चाललो आणि तिच्या दोहों अंगांस पन्नास पन्नास फूट पाहिले. म्हणजे एक मैल लांब व शंभर फूट रुंद असा पट्टा झाला. त्याचे क्षेत्र सुमारे १२ एकर भरते. त्यात पहिल्या वर्गाचे ६ साग आढळले, तर दर दोन एकरांस एक झाड पडले. असे अनेक पट्टे निरनिराळ्या भागांत पाहून सरासरी तीच निघाली, आणि सबंध जंगल ४,८०० एकरांचे असले, तर त्यात पहिल्या वर्गाची सुमारे २,४०० झाडे आहेत असे समजावे.

येथवर मोजणी झाली. आता तोडीचा नियम कसा ठरला तो पाहा. दुसऱ्या वर्गातील झाड वाढून पहिल्या वर्गात येण्यास किती वर्षे लागतात, हे ब्रँडिस यांनी शोधले आणि तो काळ सुमारे २४ वर्षांचा धरला. यावरून त्यांनी असा नियम केला की, पहिल्या वर्गात जेवढी झाडे असतील त्यांचा चोविसावा हिस्सा तेवढाच दरसाल तोडावा. वरील उदाहरणात २,४०० चा चोविसावा हिस्सा १०० होतो. दरसाल १०० झाडे तोडली तर २४ वर्षांत सगळी मोठी झाडे संपतील. परंतु तेवढ्या काळात दुसऱ्या वर्गातील झाडे त्यांच्या जागी उभी राहतील, आणि तिसऱ्यातील दुसऱ्यात येतील. म्हणजे भांडार जेथल्या तेथे राहिले आणि लाकूडही मिळत गेले. अर्थात् यासाठी खालच्या वर्गांत पुरेशी झाडे हवीत. ती नसतील तर तोड कमी करावयाची आणि नवी लागवड करावयाची. लहान रोपेही मोजण्याचे कारण हेच. ज्या घरात म्हातारेच आहेत, मुले नाहीत, त्या घराचे पुढे काय होणार हे सांगण्यास ज्योतिषी नको. अरण्याचेही तसेच आहे.

या सर्व व्यवस्थेत नदीचे स्थान मोठे होते. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून तोडावयाच्या झाडाच्या खोडाभोवती साल व तिच्या आतील कोवळे लाकूड गोल कापून झाड उभेच वाळू देत. दोन-तीन वर्षांनी ते हलके झाले की पाडीत, हत्तींकडून ओढ्यापर्यंत ओढवीत, आणि पावसाळ्याच्या पुराची वाट पाहत. पूर आला की ओंडके लहान ओढ्यातून मोठ्या नदीत जात. तेथे त्यांचे तराफे बांधून रंगून बंदरापर्यंत नेत. यामुळे जंगलाचा हिशेब नदीच्या खोऱ्यांप्रमाणे ठेवणे भाग होते. ज्या ओढ्यातून ओंडका वाहू शकतो, त्याच्या काठचा साग प्रथम संपतो आणि आतला पडून राहतो, ही गोष्ट ब्रँडिस यांच्या ध्यानी आली होती. सोयीचे झाड आणि तोडण्याजोगे झाड यांत भेद करणे हेच वनाधिकाऱ्याचे मुख्य काम, असे त्यांच्या आचरणावरून दिसते.

हे काम निर्वेध झाले असे मात्र नाही. रंगूनच्या लाकूड व्यापाऱ्यांस हा हिशेब मुळीच रुचला नाही. जंगले खासगी ठेकेदारांस मोकळी करावी असा त्यांनी सरकारकडे लकडा लावला, आणि काही अंशी सरकारने त्यांचे ऐकलेही. ब्रँडिस यांनी आकडे पुढे ठेवून आपली बाजू मांडली. मोठमोठ्या शब्दांपेक्षा नीट राखलेली वही अशा वादात अधिक उपयोगी पडते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

डोंगरांत राहणाऱ्या करेन लोकांशी त्यांनी जे वर्तन ठेविले तेही बोधप्रद आहे. हे लोक जंगलाचा एक तुकडा तोडून, जाळून, त्या राखेत एकदोन वर्षे धान पेरीत व मग दुसरीकडे जात. मेळघाटातील कोरकू बांधवही पूर्वी अशाच प्रकारची शेती करीत असत. वनखात्यास हे लोक शत्रूसारखे वाटत. ब्रँडिस यांनी विचार केला की, हाच मनुष्य आपल्या धानाबरोबर सागाचे बी पेरील तर शेतही होईल आणि शेत सोडल्यावर मागे सागाचे वनही उभे राहील. त्याच्या श्रमाबद्दल त्यास मोबदला मिळावा. ही पद्धत पुढे तौंग्या या ब्रह्मी नावाने प्रसिद्ध झाली व हिंदुस्थानातच काय, आफ्रिका खंडापर्यंत पसरली.

इकडे हिंदुस्थानात १८५३ पासून आगगाड्या सुरू झाल्या होत्या. रुळांखाली घालावयाच्या लाकडी स्लीपरांसाठी जंगलांवर धाड पडली. एका मैलाच्या रस्त्यास सुमारे १,८०० स्लीपर लागत, आणि काही वर्षांनी ते कुजत म्हणून पुन्हा नवे घालावे लागत. आपल्या वऱ्हाडातून जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. त्याच सुमारास सातपुड्यातील लाकडाची मागणी किती वाढली असेल, याचा अंदाज करावा. अशा समयी सरकारने ब्रँडिस यांस १८६२ मध्ये ब्रह्मदेशातून सल्ल्यासाठी बोलाविले. १८६३ मध्ये त्यांची पत्नी रेचल हिचे निधन झाले. सुखदुःखाच्या या प्रसंगीही त्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. १८६४ मध्ये सबंध हिंदुस्थानचे वनखाते स्थापन झाले आणि ब्रँडिस हे त्याचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. पुढे १८६७ मध्ये काथारिना हास्से या बाईंशी त्यांचा दुसरा विवाह झाला.

या नव्या पदावर असता त्यांनी सबंध देश पायांखाली घातला. हिमालयातील देवदाराची वने, मध्यप्रांतातील साल व साग, म्हैसूर, अजमेर, मद्रास इत्यादी निरनिराळ्या प्रांतांत ते स्वतः गेले व प्रत्येक ठिकाणची परिस्थिती पाहून सूचना लिहून ठेवल्या. सातपुड्याच्या बोरी जंगलात कॅप्टन पिअर्सन यांनी १८६४ च्या सुमारास वणव्यापासून वनाचे रक्षण करण्याचा प्रयोग केला; तो यशस्वी झाला असे पाहून अन्यत्रही त्याचे अनुकरण झाले. आपल्या मेळघाटातील बैरागड व गुगामल ही वने १८६६ मध्ये राखीव करण्यात आली, ती याच धोरणाच्या ओघात. १९७४ मध्ये मेळघाट हे देशातील पहिल्या व्याघ्रप्रकल्पांपैकी एक ठरले. शंभर वर्षांपूर्वी ती झाडे राखली गेली नसती, तर त्या प्रकल्पास वाघ कोठून मिळाला असता?

माणसे तयार केल्यावाचून कोणतेही खाते टिकत नाही, हे ब्रँडिस जाणून होते. त्यांनी प्रथम तरुण इंग्रजांस जर्मनीत व फ्रान्समध्ये वनशास्त्र शिकण्यास पाठविण्याची व्यवस्था केली. श्लिख व रिबेनट्रॉप या दोघा जर्मन तज्ज्ञांस त्यांनी हिंदुस्थानात आणविले. हे दोघेही पुढे क्रमाने वनमहानिरीक्षक झाले. परंतु परदेशातून अधिकारी आणून किती दिवस भागणार? म्हणून १८७८ मध्ये डेहराडून येथे वनविद्येची शाळा सुरू झाली व तीत येथील तरुणांस शिक्षण मिळू लागले. त्या शाळेच्या बीजातूनच तेथील प्रसिद्ध वनसंशोधन संस्था वाढली.

अधिकाराच्या इतक्या व्यापातही त्यांचा अभ्यास सुटला नाही. वायव्य व मध्य हिंदुस्थानातील वनवृक्षांविषयीचा त्यांचा ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. १८७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस आपले सभासद करून घेतले. १८८३ मध्ये ते सेवानिवृत्त झाले आणि १८८७ मध्ये त्यांस सर ही पदवी मिळाली.

आता या चरित्रातील सर्वांत कठीण भागाकडे वळले पाहिजे. कारण ज्याचे चरित्र लिहावयाचे त्याच्या कार्यातील उणे झाकून ठेवणे हे खऱ्या आदराचे लक्षण नव्हे. जंगल राखावयाचे ते कोणासाठी, हा तो प्रश्न होय. ज्या गावकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जंगलातून सरपण, चारा, मोहाची फुले, तेंदूची पाने आणली, त्यांचा त्यावर काही हक्क आहे की नाही? वनखात्यातील बेडन-पॉवेल यांच्यासारख्या अधिकाऱ्यांचे मत असे होते की, हा हक्क नसून केवळ सरकारची सवलत आहे. ब्रँडिस यांस हे पटत नव्हते. लोकांचे वहिवाटीचे हक्क तपासून, लिहून, मान्य करावे. सरकारी राखीव वनांबरोबरच प्रत्येक गावास स्वतःचे वन असावे व त्याची देखरेख गावानेच करावी, असा त्यांचा आग्रह होता. जर्मनीतील गावांची अशी वने त्यांनी पाहिली होती. १८७८ च्या वनकायद्यात ग्रामवनांविषयी कलम आले खरे. परंतु ते बहुतांशी कागदावरच राहिले, आणि राखीव वने मात्र वाढत गेली. परिणामी पुष्कळ ठिकाणी आदिवासी बांधव आपल्याच रानात परके झाले. मेळघाटच्या कोरकूंनीही हे दुःख सोसले आहे. ज्या खात्याचा पाया ब्रँडिस यांनी घातला, त्याच खात्याच्या हातून हे झाले. त्यामुळे त्याच्या दोषातून त्यांस सर्वस्वी मोकळे करता येत नाही.

तसेच वणव्याविषयीचे त्यांच्या काळातील मतही पुढे बदलावे लागले. आग पूर्णपणे बंद केलेल्या काही ब्रह्मी जंगलांत सागाची नवी रोपे उगवेनाशी झाली, असे नंतरच्या वनाधिकाऱ्यांस आढळून आले. शास्त्र म्हणजे चुकांची दुरुस्ती करीत पुढे जाणे, याचा हा पुरावा होय.

तथापि गावाचे वन ही त्यांची कल्पना मेली नाही. २००६ मध्ये भारताच्या संसदेने वनहक्क कायदा संमत केला, व गावसमाजाचा वनावरील हक्क मान्य केला. आपल्याच अमरावती जिल्ह्यातील पायविहीर या गावास २०१२ मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला, आणि उजाड झालेल्या टेकड्यांवर गावकऱ्यांनी पुन्हा झाडे उभी केली. बॉनच्या त्या वनपंडितास हे पाहून निःसंशय समाधान वाटले असते.

सेवानिवृत्तीनंतर ब्रँडिस बॉन येथे राहिले. परंतु विश्रांती त्यांच्या स्वभावात नव्हती. हिंदुस्थानात नोकरीस जाणाऱ्या तरुण वनाधिकाऱ्यांस ते युरोपातील वनांतून हिंडवीत व प्रत्यक्ष शिकवीत. गिफर्ड पिंचो नावाचा एक अमेरिकन तरुण १८९० च्या सुमारास त्यांच्याकडे मार्गदर्शनासाठी आला. त्यास त्यांनी पुत्रवत् वागवून वनविद्येचे धडे दिले. हाच पिंचो १९०५ मध्ये अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला. म्हणजे ब्रह्मदेशातील काठ्यांवर पाडलेल्या खाचांचे धडे अटलांटिक महासागर ओलांडून गेले. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, १९०६ मध्ये, हिंदुस्थानातील वृक्षांविषयीचा त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २८ मे १९०७ रोजी जन्मभूमीतच त्यांनी देह ठेविला. पूर्वेकडील एका सुंदर झुडपाच्या जातीस शास्त्रज्ञांनी त्यांच्या नावावरून ब्रँडिसिया असे नाव दिले आहे. झाडांवर प्रेम करणाऱ्या मनुष्यास याहून शोभिवंत स्मारक कोणते?

विद्यार्थीमित्रहो, हे चरित्र वाचून केवळ नमस्कार करून थांबू नका. आपला वरुड तालुका संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांतून जंभेरीच्या खुंटावर डोळे बांधलेली कलमे दूरदूरच्या मुलखांत जातात. परंतु याच तालुक्याचे नाव जमिनीतील पाण्याच्या अतोनात उपशाबद्दलही घेतले जाते. विहिरी खोल गेल्या, कूपनलिका त्याहून खोल गेल्या, आणि उन्हाळ्यात बागा वाळू लागल्या की आपण आकाशाकडे पाहतो. नालाकाठच्या झाडांकडे मात्र आपण फारसे पाहत नाही. काठावरील करंज, जांभूळ व अर्जुन यांची मुळे दरड धरून ठेवतात, पुराचा वेग मंदावतात आणि पाण्यास जमिनीत मुरण्यास अवधी देतात. काठ उघडा पडला की माती नाल्यात उतरते, नाला उथळ होतो, व पुढच्या पुरात शेजारचा बांध जातो. ज्या शेतकऱ्याने दोन गाड्या सरपणासाठी ते झाड तोडले, त्याचेच शेत प्रथम खचते.

म्हणून येत्या हिवाळ्याच्या सुटीत एक उद्योग करून पाहा. चौघांनी मिळून चार काठ्या, एक चाकू व मोजण्याची दोरी घ्यावी; चाकू थोरांच्या हाती असावा. गावच्या नाल्याच्या काठाने अर्धा मैल चालावे. छातीच्या उंचीवर झाडांचा घेर मोजून चार वर्ग पाडावे व प्रत्येक झाडामागे एक खाच करावी. घरी येऊन खाचा मोजा. पहिल्या काठीवर खाचा आहेत, पण चौथ्या काठीवर मुळीच नाहीत, असे आढळले, तर त्याचा अर्थ काय, हे आता तुम्हांस सांगावयास नको. आजोबांच्या वेळची झाडे उभी आहेत आणि नातवांच्या वेळची उगवलेलीच नाहीत, हाच तो अर्थ. मग करंजाच्या शेंगा व जांभळाच्या बिया वेचून पावसाळ्याच्या आरंभी काठाने टोचाव्या आणि गुरांपासून त्यांस जपावे. पुढील वर्षी पुन्हा मोजणी करून दोन्ही वर्षांच्या संख्या शेजारी शेजारी लिहाव्या.

ब्रँडिस यांच्यापाशी सैन्य नव्हते. होत्या चार काठ्या, एक चाकू आणि न कंटाळता मोजीत राहण्याचा निग्रह. आपल्या हयातीत जे झाड पूर्ण वाढलेले दिसणार नाही, त्याचाही हिशेब त्यांनी मांडला. ज्या सावलीत आपण बसणार नाही ती सावली दुसऱ्यासाठी राखणे, याहून मोठे दान नाही. ती सावली राखण्याचे काम आता तुमच्याकडे आले आहे.